दादासाहेबांनी ऐकलेलं ‘चालेल’

यमुनानगर, निगडी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. योगिनीस,
पद्माकाकूचे अनेक आशीर्वाद.

आधी घरच्यांची चौकशी करते, मग तुझ्याकडे वळते. ज्योतीरामभाऊंचा गुडघा कसा आहे? मागे फोनवर म्हणाले होते, “वहिनी, जिना चढताना गुडघा कुरकुरतो आणि उतरताना मी.” कौशल्याताई बीपीची गोळी वेळेवर घेतात ना? की पुन्हा “आज बरं वाटतंय, उद्या घेईन” सुरू झालं? आजींची नवी कवळी बसली का? ती अजून डबीतच असेल तर त्यांना सांग, पद्मा विचारत होती, हुरडा काय डबी खाणार आहे का? गणराजची बारावी जवळ आली. तो अभ्यास करतो, की अभ्यास करतो असं सांगतो? आणि तुमची म्हैस, तिलाही विचारते, नाहीतर भाऊ म्हणतील घरातल्या एका माणसाला विसरली.

तुझी तब्येत मी विचारत नाही. ती गणराजकडून कळली आहे.

तू म्हणशील, आजच्या काळात काकू पत्र कुठं लिहीत बसली. तर बाई, मोबाईलवर तू निरोप वाचतेस, दोन निळ्या खुणा लावतेस आणि गप्प बसतेस. फोन केला तर नुसता वाजत राहतो. पत्राला निळ्या खुणा नसतात. ते पोस्टमननं दारात दिलं की कौशल्याताई “कुणाचं आलं?” म्हणून विचारणार आणि तुला उत्तर द्यावंच लागणार. कशी युक्ती केली?

इकडे आम्ही दोघं मजेत. हे सकाळी फिरायला जातात आणि येताना न सांगितलेली भाजी आणतात. काल चुका आणला, पालक समजून. तुझ्या वरच्या खोलीचा पंखा दुरुस्त करून घेतला, आता आवाज करत नाही. खोली कुणाला दिलेली नाही. दोन मुलं बघायला आली होती, पण यांनी त्यांना खिडकीतून कचऱ्याच्या गाडीचा आवाज किती येतो हे इतकं रंगवून सांगितलं की ती जिन्यावरूनच परत गेली. मागच्या आठवड्यात आमचं जोरदार भांडण झालं. कारण काय, तर कॅलेंडर! यांनी तिरकं लावलं म्हणून मी ओरडले. यांनी सरळ केलं. मला पुन्हा तिरकंच दिसलं. पुन्हा सरळ केलं. शेवटी हे म्हणाले, “तू सांग ते तिरकं लावतो, मग तुला सरळ वाटेल.” चाळीस वर्षांच्या संसारात हा एवढाच शहाणपणाचा विचार.

आता कामाचं. आणि हे पत्र तू कौशल्याताईंना वाचून दाखव बरं का. त्यांना वाटतंय लेकीनं भोसरीला काहीतरी भलतंच करून ठेवलं. म्हणून त्यांना समजेल असं पहिल्यापासून लिहिते. तुलाही त्यातलं सगळं ठाऊक नाही, कारण शेवटचा भाग व्हायच्या आधीच तू बॅग घेऊन नाशिक फाट्यावर लातूरच्या बसची वाट बघत उभी होतीस.

कौशल्याताई, आमचं काम असं. चाकणला गाड्या जोडण्याचा कारखाना आहे. तिथं प्रत्येक कामगारापुढे एक पडदा असतो. आता आलेल्या गाडीला कुठला भाग लावायचा, कुठला नट किती आवळायचा, ते त्यावर दिसतं. ते दाखवणारा प्रोग्राम आम्ही लिहितो. आम्ही म्हणजे निम्मे भोसरीत, खाली आमच्या मालकाच्या, स्वानंदच्या, वडिलांचं वर्कशॉप आणि वर आमचं ऑफिस, तिथं. बाकीचे तिकडे तमिळनाडूत कोइमतूरला. प्रोग्राममध्ये सतत काहीतरी बदलतं, आणि तो बदल इथून चाकणला धाडावा लागतो. धाडण्याआधी दोन गावच्या दोन माणसांनी तो बघायचा आणि दोघांनी होकार द्यायचा. एकीनं मीठ घातलं की दुसरीनं चाखून बघावं, तसं.

दोन होकार मिळाले की तो बदल, म्हणजे आमचा माल, चाकणला सोडणारा जो आहे, तो माणूस नाही. आमच्या ऑफिसातल्या विक्कीनं बनवलेला तो एक छोटा प्रोग्रामच आहे. ऑफिसच्या गप्पांच्या ग्रुपमध्ये तो बसलेला असतो आणि वेळ आली की विचारतो, “सोडू का?” तो कधी हसत नाही, म्हणून त्याचं नाव आम्ही दादासाहेब ठेवलं.

आता होकाराचा शब्द. आधी इंग्रजी होता. पण आपण मराठी माणसं उठता बसता ‘चालेल, चालेल’ करतो, ते बघून कोइमतूरची मंडळीही तेच लिहायला लागली. विक्कीला फार कौतुक वाटलं. त्यानं दादासाहेबांना शिकवलं, ‘चालेल’ दिसलं की होकार समजायचा. सगळं ऑफिस खूष.

मग नोव्हेंबरातला तो मंगळवार आला. कोइमतूरच्या मुरुगेसनअण्णांनी नवा माल आपल्याकडे चालवून बघितला आणि ‘चालेल’ लिहिलं. दुसरा होकार योगिनीचा. तिनं तो भोसरीत, चाकणसारखं जे मशीन बाकावर ठेवलंय, त्याला जोडून बघायचा होता. ती वायर शोधत होती. ग्रुपमध्ये दादासाहेबांनी विचारलं, “सोडू का?” आणि नेमकं त्याच्या खाली पूनमनं लिहिलं, “चहा आत्ता सांगू की चारला?” पूनम समोरच्याच टेबलावर बसते, पण खालच्या प्रेसच्या दणक्यात हाक ऐकू येत नाही, म्हणून ती चहासुद्धा टाइप करूनच विचारते.

आणि आमच्या योगिनीनं लिहिलं, “चालेल.”

अगं बाई, आत्ता की चारला, याला ‘चालेल’ हे उत्तर तरी आहे का? पूनमला कळलं नाही चहा कधी सांगायचा. दादासाहेबांना मात्र लगेच कळलं! त्यांनी माल सोडला.

चाकणचे पडदे आधी पुढच्या सीटचे नट मागच्या सीटला दाखवायला लागले, मग लालभडक होऊन बसले. लाईन थांबली. कुणाला खरचटलंही नाही, कारण तिथली माणसं पडद्यापेक्षा हुशार. पण कारखान्याची लाईन थांबणं म्हणजे काय, ते भोसरी-चाकणच्या माणसाला सांगावं लागत नाही.

कौशल्याताई, यापुढचं नीट ऐका. तुमच्या लेकीनं इकडेतिकडे बघत ते लपवलं नाही. “कोणी सोडलं?” असं विचारायला कुणाचं तोंड उघडायच्या आत तिनं सगळ्यांसमोर लिहिलं, “माझं चालेल चहाला होतं. मी हे बघितलेलं नाही. मागे घ्या.” आणि तिनंच चाकणच्या शिफ्टच्या साहेबांना फोन लावला. तो माणूस काय काय बोलला ते मी इथं लिहीत नाही, गणराज ऐकत असेल. ती ऐकून घेत होती आणि एकीकडे जुना माल परत चढवून घेत होती. त्याच शिफ्टमध्ये लाईन सुरू झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसला पोचतो तर हिचा राजीनामा पोचलेला.

तू गेल्यावर स्वानंदनं सगळ्यांना बसवलं. कोइमतूरचे लोक भिंतीवरच्या टीव्हीत. मला वाटलं आता तुझ्या नावानं ओरडा होणार, म्हणून मी पदर खोचून तयार होते. पण आधी मुरुगेसनअण्णाच उभे राहिले. बिचाऱ्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

“काकी, मी शब्दकोशात बघितलं होतं,” ते म्हणाले. “चालणे म्हणजे मशीन सुरू होणे. चालेल म्हणजे सुरू होईल. मी सुरू करून बघायचो, सुरू व्हायचं, मग लिहायचो चालेल. तुम्ही लोकही तसंच करत असणार, असं मला वाटलं.”

मी म्हटलं, “अण्णा, तुमचा शब्दकोश बरोबर आहे. चुकलो आम्ही. आमच्याकडे चालेल म्हणजे हो. चालेल म्हणजे नको, पण वाईट दिसेल म्हणून बोलत नाही. चालेल म्हणजे तुम्ही ठरवा, नावं मी मागाहून ठेवीन. आणि चालेल म्हणजे काय बोललात ते ऐकूच आलं नाही.”

पूनम लगेच म्हणाली, “बरोबर! परवा मी सरांना विचारलं, डब्यातली शेपू घेणार का? सर म्हणाले चालेल. आणि हातसुद्धा लावला नाही.”

“ते चालेल वेगळं होतं,” स्वानंद म्हणाला.

“बघा, अण्णा!”

मुरुगेसनअण्णा टीव्हीतून विचारतात, “म्हणजे आजपर्यंत तुमची जी जी चालेल मी वाचली...?”

“त्यातली निम्मी शेपूची होती,” विक्की म्हणाला. मग सगळे जे हसले की खालून प्रेसवरचा माणूस बघायला वर आला.

हसून झाल्यावर मात्र कामाला लागलो. दादासाहेबांच्या कानातून तो शब्द काढून टाकला. आता होकार द्यायचा म्हणजे काय चालवलं आणि काय दिसलं, ते आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहायचं. भाषा कुठलीही. मुरुगेसनअण्णांनी हट्टानं मराठीत लिहिलं, “मी पाहिले. दिवा हिरवा. मशीन फिरते. जेवायला जातो.” मी ते वाचून अर्धा तास खूष होते.

आणखीही पुष्कळ आवरलं. एकच पासवर्ड सगळे वापरत होतो, तो चहावाल्यालासुद्धा ठाऊक होता, तो बंद. बाहेरून फुकट मिळणारे तयार तुकडे आपण प्रोग्राममध्ये घालतो ना, म्हणजे शेजारणीचं तयार वाटण आपल्या रश्शात घालावं तसे, तर ते वाटण कुणी केलं, कधी केलं, त्यात मधेच कुणी हात घातला का, हे बघितल्याशिवाय आता घ्यायचं नाही. माल निघताना त्याला सील लागतं. वाटेत कुणी ते फोडलं तर चाकणचं मशीन दारातूनच परत पाठवतं. आणि ज्याला होकार द्यायचा अधिकार आहे, त्या प्रत्येकाला एक एक किल्ली. अंगठ्याएवढी असते. कॉम्प्युटरला लावायची आणि आपल्या हातानं स्पर्श करायचा. मी माझी कमरेच्या छल्ल्यात अडकवली आहे, कपाटाच्या किल्ल्यांबरोबर. हे म्हणतात, आता कुठल्या कपाटात कारखाना ठेवलास?

एक किल्ली स्वानंदच्या टेबलाच्या खणात आहे. ती तुझ्यासाठी राखली आहे. तुझा राजीनामा त्यानं मंजूर केलेला नाही. त्याच्या मते तू रजेवर आहेस. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ही सगळी नवी घडी बसेल, तोवर तू यावंस.

गणराज म्हणाला, “काकू, ताई लई गप झालीय. मामानं इचारलं, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसती का, दाखले-बिखले काढायला? तर ताई म्हनली चालेल.” हे ऐकून मी कपाळावर हात मारला. मामांचं दुकान चांगलं आहे, लोकांची कामं होतात, त्याला मी नाव ठेवत नाही. पण ते चालेल कुठलं होतं, योगिनी? हो म्हणणारं, की शेपूचं?

असो. तू ये. बाकी काही विशेष नाही. सगळं ठीक आहे. हुरडा थोडा बांधून आण, यांना फार आवडतो. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. उत्तर पाठव.

तुझी,
पद्माकाकू

•

यमुनानगर, निगडी
रविवार, २८ डिसेंबर २०२५

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

घरी सगळे बरे आहेत हे कळलं. आजींची कवळी बसली आणि त्यांनी पहिल्या दिवशी चिक्की फोडली, हे वाचून यांनी मोठ्यानं शाबास म्हटलं.

तुझं उत्तर आलं. एवढं मोठं चार पानी पत्र मी लिहिलं, आणि त्यावर मोबाईलवर तुझा निरोप. घरच्यांची खुशाली, आणि शेवटी, “चालेल काकू. बघते.”

पूनम काल शनिवारची आली होती, तिनंच मला तो वाचून दाखवला. वाचता वाचता ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग आम्ही तिघं तुझ्या तीन शब्दांचा अर्थ लावत बसलो. हे म्हणाले, “येतेय ती. चालेल म्हणाली ना?” पूनम म्हणाली, “काका, चालेलच्या पुढं बघते आहे. म्हणजे नाही येत.” हे म्हणाले, “मग काकू कशाला म्हणाली? नाही म्हणायचं असतं तर काकू म्हणाली नसती.” दोघांची जुंपली. मी मधे पडले नाही, कारण मला दोघांचंही पटत होतं.

हसले खूप. पण रात्रभर तोच विचार करत राहिले आणि सकाळी यांना म्हटलं, चूक तिची नाही. मीच तिला अर्धी गोष्ट सांगितली. अर्धी गोष्ट ऐकून माणूस अर्धाच होकार देणार.

तर उरलेली अर्धी आता लिहिते.

कॅलेंडर तिरकं नव्हतं. यांनी ते पहिल्यापासून सरळच लावलं होतं. मला सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची चौकट मधेच पोटात घेतल्यासारखी दिसते. उजव्या डोळ्यात अगदी मधोमध, चष्म्याला तुपाचं बोट लागावं तसा डाग आहे, आणि चष्मा कितीही पुसला तरी तो जात नाही. डाव्याला आता सुरुवात झाली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आहे, इंजेक्शनं घेऊ, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं बहुतेक येणार नाही. घाबरू नकोस. चालते, फिरते, स्वयंपाक करते. माणसं ओळखू येतात, फक्त नाक जरा पुसट दिसतं, आणि काही जणांचं नाक पुसट झालेलंच बरं. हे पत्र जाड पेनानं, मोठ्या ओळींत लिहिते आहे, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. पण पडद्यावरची बारीक अक्षरं, एकाखाली एक आलेल्या त्या ओळी, त्यातला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झालेला, तो आता मला दिसत नाही.

आणि न बघता ‘बघितलं’ लिहायचं, ते माझ्याच्यानं होणार नाही. पूनम म्हणाली, “काकू, मी वाचून दाखवत जाईन, तुम्ही किल्ली लावा.” प्रेमानं म्हणाली. पण मग ती माझी नजर झाली का? ते पूनमचंच एक बघणं दोनदा मोजलं गेलं. दुसऱ्या माणसाचे दुसरे डोळे, त्यासाठी तर हा सगळा उपद्व्याप. म्हणून त्याच दिवशी स्वानंदला सांगितलं. त्या दिवसापासून मी एकाही मालाला हात लावलेला नाही. जानेवारी संपला की माझी किल्ली बाद होईल. मी विचारलं, योगिनीला देऊन टाकू का? तर विक्की म्हणाला, “काकू, ती कुणाला देता येत नाही. ज्याची त्याला नवी, ज्यानं त्यानं स्वतः येऊन हात लावायचा.” बरोबरच आहे. देता आली असती तर ती किल्ली कसली? पण छल्ल्यातून काढताना मन जरा चरकलं. मी कधी कॉलेजात गेले नाही, ड्रॉइंगच्या कागदांवर रेघा गिरवणारी बाई. यांच्या पाठीमागे उभं राहून, मुलाची पुस्तकं वाचून, चुकत चुकत शिकले. त्या छोट्या किल्लीवर माझं नाव होतं, याची मला ऐट होती गं.

हे मी मागच्या पत्रात का लिहिलं नाही? ‘सगळं ठीक आहे’ असं का लिहिलं? कारण मी तुला ओळखते. काकूचे डोळे गेले असं लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तू दारात. न विचारता, न बघता. दया आली म्हणून. तुझ्या आयुष्याला असा होकार मला नको होता. पण लपवलं तरी तू अंधारातच राहिलीस, आणि अंधारात राहिल्यावर दुसरं काय लिहिणार होतीस? म्हणून आता सगळं समोर ठेवते, तू नीट बघून घे.

माल बघून होकार द्यायची माझी जागा कुणी घ्यायची, हे स्वानंदनं मला विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, “काकू, जिच्यामुळे लाईन थांबली तिचंच?” मी म्हटलं, “होय. चूक आपल्यातल्या कुणाचीही झाली असती, तो सापळा आपणच हसत हसत लावला होता. पण झाल्याबरोबर सगळ्यांच्या आधी ओरडली ती. मला दारावर असंच माणूस पाहिजे. जो कधी चुकत नाही असं सांगतो, त्याच्या भरवशावर मला चाकण सोडायचं नाही.” तेव्हा स्वानंद म्हणाला, “ठीक आहे. पण तिनं स्वतः सांगू दे.”

तू आली नाहीस, तर ते काम बाहेरच्या एका कंपनीला देणार आहेत. ती माणसं हुशार आहेत, वाईट नाहीत. पण चाकणच्या पडद्यापुढं उभ्या असलेल्या माणसाची शिवी त्यांनी कधी फोनवर ऐकलेली नाही. तू ऐकली आहेस. मला वाटतं, तो फोन तू मनातल्या मनात अजून खाली ठेवलेलाच नाहीस. ते साहेब परवा स्वानंदला विचारत होते, “ती पोरगी कुठाय? तिला म्हणावं, मी त्या दिवशी जास्त बोललो. दुसरं कुणी असतं तर मला दोन दिवस कळलंच नसतं काय झालंय.” हे मी पदरचं घालत नाही. पूनमला विचार.

दुसऱ्या बाजूचंही लिहिते. काम त्रासाचं आहे. सगळ्यांना घाई असते आणि तुला थांबा म्हणायचं असतं. लोक तोंडावर हसतात आणि मागे खाष्ट सासू म्हणतात. मला म्हणतात, मला ठाऊक आहे. तुमच्या गावाकडे आई आहे, आजी आहे, मामांच्या दुकानात कुणी तुला अशी फोनवर शिवी देणार नाही. तिथं तुला खरंच बरं वाटत असेल, तर तिथं राहा. मी रागावणार नाही. थोडी रडेन, पण त्याचं आता डॉक्टरांनीच औषध दिलंय, दिवसातून चार वेळा डोळ्यांत पाणी घालायचंच आहे.

माझ्या डोळ्यांसाठी येऊ नकोस. माझ्याकडे हे आहेत. ते मला सकाळचा पेपर वाचून दाखवतात, आणि मधे मधे आपल्या मनाचं घालतात, ते मला कळतं. मुरुगेसनअण्णांना मी रोज संध्याकाळी फोनवर मराठी शिकवते. काल त्यांना ‘बघतो’ समजावून सांगितलं. ते म्हणाले, “काकी, हे तर चालेलपेक्षा भयंकर आहे.” तेव्हा माझं चांगलं चाललं आहे.

तू यायचं तर त्या कामासाठी ये. त्या चुकीपासून पळून गेलीस आणि ती तुझ्याबरोबर लातूरला आली, हे तुला पटत असेल तर ये. नसेल पटत, तर तसं लिही. आपल्या नव्या नेमानं लिही, म्हणजे हो किंवा नाही, आणि तू काय बघून ते म्हणते आहेस, ते एका वाक्यात. मग जे असेल ते मला मान्य.

ज्योतीरामभाऊंना आणि कौशल्याताईंना नमस्कार. आजींना सांग, चिक्की पुरे. गणराजला आशीर्वाद.

उत्तर लवकर लिही, जानेवारी संपायची वाट बघू नकोस. आणि मोबाईलवर नको, कागदावर लिही, काळ्या शाईनं, चांगली बोटभर अक्षरं काढून. ते मी पूनमला देणार नाही आणि यांनाही देणार नाही. तू काय लिहिलं आहेस ते माझं मला वाचायचं आहे.

तुझी,
पद्माकाकू